पाणीखात्याचा फळा

८ डिसेंबर २००३, सोमवार. पुण्याहून सकाळी सातला निघायचं ठरलं होतं, निघालो सात पन्नासला.

हजर: १. मी, शैलजा, वय एकावन्न, सांगलीच्या एका शाळेत भूगोलाची शिक्षिका, या दौऱ्याची व्यवस्थापक. (आडनाव मी तीस वर्षं लावत नाही. त्याचा संबंध पुढे येतो.) २. जोसेफ, वय तेवीस, केनियाचा, पुण्यात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. ३. बबन, जीपचा ड्रायव्हर, मूळचा शिरूरकडचा. ४. स्लाइड दाखवायचं यंत्र, उसनं आणलेलं. ५. पृथ्वीचा गोल, आमच्या शाळेचा.

गैरहजर: गटातले दोन कार्यकर्ते. दोघांनाही एकाच सकाळी एकच ताप आला.

आता कारण. आम्ही पाच-सहा शिक्षकांनी मिळून मुलांसाठी दीड तासाचा एक कार्यक्रम बसवला आहे. विषय वर्णभेद, आणि त्याच्या आडून एकूणच माणसामाणसांतला भेदभाव. आधी अमेरिका येते, मग दक्षिण आफ्रिका, आणि मग हळूच आपलं गाव येतं. या ‘हळूच’वर आमच्या गटात तीन बैठका झाल्या आहेत. सांगली-मिरजेत दोन वर्षं कार्यक्रम बरा चालला. पुण्यातल्या एका मैत्रिणीने शिरूर आणि दौंड तालुक्यांत चार ठिकाणं ठरवून दिली आणि जोसेफलाही तिनेच तयार केलं. आपल्या महिला मंडळातल्या बहुतेकींनी हे दोन तालुके एसटीच्या किंवा आगगाडीच्या खिडकीतून पाहिले असतील, उतरून नाही. म्हणून मंडळाच्या वार्षिकासाठी हे लिहिते आहे.

रांजणगाव

रांजणगावचा गणपती सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या पलीकडे कारखान्यांची मोठी वसाहत आहे, तिकडे देवदर्शनाला येणारे जात नाहीत. पाळी सुटायच्या वेळी तिथे कंपन्यांच्या बसगाड्या आणि दुचाक्यांचा असा लोंढा येतो, की आमच्या बबनने जीप बाजूला घेऊन चहाच सांगितला.

टपरीवर जोसेफभोवती चौघं जमली.

“कुठलं?” एकाने विचारलं. जोसेफला नाही, बबनला.

“केनिया,” बबन म्हणाला. आवाज असा, की जणू त्यानेच जाऊन आणलं.

“केनिया! म्हंजी वर्ल्ड कपला सेमीफायनलला आपल्याकडनं हरली ती टीम?”

“तीच,” जोसेफ मराठीत म्हणाला. त्याचं मराठी पुण्यातल्या मेसच्या मावशींनी घडवलेलं आहे; त्यात भाजीपोळीचे शब्द भरपूर आणि बाकीचे पुरेसे आहेत. चौघं हरखली. हरल्याबद्दल सांत्वन म्हणून त्याला भज्यांची एक प्लेट जास्तीची आली. जोसेफने आयुष्यात बॅट हातात धरलेली नाही, तो फुटबॉलवाला आहे. पण बबनने तिथून पुढे प्रत्येक ठिकाणी “केनियाचा बॉलर” अशीच ओळख करून द्यायला सुरुवात केली आणि मला ते थांबवता आलं नाही.

संध्याकाळचा कार्यक्रम कारखान्यांत शिकाऊ म्हणून लागलेल्या पोरांसाठी होता. तीस-पस्तीस जण, अंगावर कंपनीचे निळे शर्ट. अमेरिकेतल्या वेगळ्या बाकांच्या, वेगळ्या नळांच्या स्लाइड बघून पोरं खवळली. “गोऱ्यांना लाजच न्हाई, मॅडम!” एकजण उठून म्हणाला. टाळ्या पडल्या. मी वहीत ‘उत्तम प्रतिसाद’ असं लिहिलं. मग ‘हळूच’ची पाळी आली आणि मी विचारलं, इथे बाहेरून आलेल्या कामगारांबरोबर तुमचं कसं काय?

“ती यूपी-बिहारची भय्या लोकं? त्यांना खोलीच देऊ नये कुणी,” तोच पोरगा म्हणाला. “लई घाण करत्यात.”

“मला पुण्यात सात घरमालकांनी असंच सांगितलं,” जोसेफ म्हणाला.

मग तो पोरगा ओशाळून म्हणाला, “पन तुम्ही येगळं.”

“हो. तेही तेच म्हणाले. मी चांगला आहे, शेजारी ऐकणार नाहीत.”

पोरं हसली. जोसेफही हसला. मी वहीतला ‘उत्तम’ खोडून ‘बरा’ केला.

कवठे येमाईच्या अलीकडे, मंगळवार

ज्या वाडीत आम्ही गेलो तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्या यादीत ते आहे, तेवढं पुरे. कवठे येमाईकडे जाताना लागते. दोन्हीकडे ऊस, मध्ये ज्वारी, आणि सकाळच्या थंडीत कांद्याच्या पातीचा वास. शाळा सातवीपर्यंत. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, अंगणात हापसा, आणि शाळेला एकच गुरुजी, शिवाय मदतीला एक बाई. मुलं एक्केचाळीस.

मी नेहमीप्रमाणे आठ दिवस आधी टपालाने हजेरीचा फॉर्म पाठवला होता. अहवालासाठी तो लागतो. त्यात अनुक्रमांक, नाव, वय, इयत्ता असे रकाने आहेत आणि शेवटी प्रवर्गाचे चार: खुला, इतर मागास, अनुसूचित, इतर.

वर्गात शिरले तर मुलं चार रांगांत बसलेली. तीन रांगा भरलेल्या, चौथीत फक्त सतरंजी.

“मॅडम,” गुरुजी खुशीत म्हणाले, “तुमच्या फॉर्ममध्ये चार रकाने होते, त्याप्रमाणंच बसवलीत. तुम्हाला मोजायला सोपं.”

माझ्या हातात पृथ्वीचा गोल होता आणि तोंडात पहिलं वाक्य तयार होतं, की मुलांनो, आपण सगळे सारखे आहोत.

जोसेफने रांगांकडे पाहिलं, मग माझ्या फॉर्मकडे. “मी कुठल्या रांगेत?” त्याने विचारलं.

“इतर, इतर,” गुरुजींनी लगबगीने मोकळ्या सतरंजीकडे हात केला, आणि जोसेफ सहा फूट दोन इंच मांडी घालून तिथे एकटा बसला. मुलं खिदळली. मी मुलांना उठवून गोल करून बसवलं. त्यात दहा मिनिटं गेली, कारण गोलातसुद्धा ती रांगेच्याच क्रमाने बसली. कार्यक्रम झाला. माझं लक्ष नव्हतं. माझ्याच कागदाने वर्ग कापून ठेवला होता, आणि हे आजवर किती शाळांत झालं असेल ते मोजायची माझी छाती झाली नाही.

दुपारचं जेवण आबांकडे. आबा म्हणजे शाळेच्या समितीचे अध्यक्ष, वय साठीचं, पांढरी टोपी, बारा एकर बागायत आणि आवाज पंचवीस एकराचा. जेवायच्या आधी ओसरीवर चौकशी झाली.

“पाव्हनं, आडनाव?”

“म्वांगी.”

आबांनी ते दोनदा तोंडात घोळवून पाहिलं. बसेना. “म्हंजी कुनापैकी म्हनायचं?”

सांगलीत हा प्रश्न चहानंतर आणि आडवळणाने येतो, इथे पाण्याच्या तांब्याबरोबर येतो, एवढाच फरक. मी लगेच सरसावले. “आबा, बघा, जात म्हणजे...”

“शेतकरी,” जोसेफ म्हणाला.

“असं व्हय! किती?”

“तीन एकर. कॉफी. दोन गाई.”

“पान्याखाली?”

“पावसावर. दूध सोसायटीला.”

“सोसायटीचा चेरमन कोन?”

“सरपंचाचा मेव्हणा.”

आबांनी मांडीवर थाप मारली. “हितं पन मेव्हनाच हाय! अगं, आपल्यातलंच हाय पोरगं, चुलीम्होरं पाट मांड.” आणि मग माझ्याकडे वळून, “आन् बाई, तुमचं?”

“मी आडनाव लावत नाही,” मी म्हटलं. हे वाक्य मी ज्या ठसक्यात म्हणते तो तीस वर्षांत कमावला आहे.

“म्हंजी बामन,” आबा शांतपणे म्हणाले. “मागल्या साली बी एक बाई आल्या हुत्या, त्या पन लावत नव्हत्या.”

बबन तोंड फिरवून हसला. बरोबर ओळखलं होतं.

जेवण असं होतं: ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याचा ठेचा, वर शेतातून आलेला हुरडा. आमच्याकडे ठेचा तोंडी लावतात, इथे तो मुख्य पदार्थ आहे आणि भाकरी तोंडी लावायची. जोसेफ चुलीजवळ बसून पितळी पेल्यातून तिसऱ्यांदा पाणी पीत होता तेव्हा दारात एक मुलगी आली. सातवीतली, दोन वेण्या, धावत आलेली.

“गुरुजी म्हनलं, टीम तयार हाय. केनियाच्या बॉलरला बोलावलंय.”

“थांब गं वैशाली, पळत आलीस, पानी पी,” आबांच्या घरच्या काकू म्हणाल्या. अगदी मायेने. आणि तांब्या घेऊन पायरीपाशी गेल्या. मुलीने ओंजळ पुढे केली, काकूंनी वरून धार सोडली. दोघींनाही त्यात काही वेगळं वाटलं नाही, इतका सराव होता.

जोसेफचा पेला ओठाशी थांबला होता. शाळेकडे चालताना त्याने विचारलं, “तिला पेला का नाही?” मी सांगितलं. त्याने मागे वळून आबांच्या पायरीकडे पाहिलं. मग म्हणाला, “मी विमानाने आलो तर चुलीपर्यंत गेलो. ती त्या समोरच्या घरातून आली.”

मैदानावर जोसेफने पहिला चेंडू टाकला तो थेट शाळेच्या कौलांवर गेला. दुसरा गुरुजींना लागला. पोरांना वाटलं ही केनियाची काहीतरी खास पद्धत असावी. मी व्हरांड्यात जाऊन भिंतीवरचा फळा वाचायला लागले. यादी दिसली की मला वाचावीच लागते.

काळ्या फळ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलं होतं: बालमंत्रिमंडळ. मुख्यमंत्री, शिक्षणमंत्री, सहलमंत्री. पाणीमंत्री: चि. विक्रम, आणि पुढे आबांचं आडनाव. सफाईमंत्री: कु. वैशाली रमेश साळवे. शेजारी गेल्या वर्षीचा फळा होता. पाणीमंत्री आबांच्या भावकीतला, सफाईमंत्री वैशाली साळवे. त्याच्या आदल्या वर्षी सफाईमंत्री होता मिलिंद साळवे.

“तो माझा भाऊ,” मागून आवाज आला. वैशाली झाडू घेऊन उभी होती. “बाई, शनिवारी खातेबदल हाय. मला पाणीखातं पायजे.”

“मग माग की.”

“गेल्या साली पन मागितलं. गुरुजी म्हनलं, तुझ्यासारखी झाडलोट कुनाला जमत न्हाई.” तिने झाडूने फळ्याकडे दाखवलं. “ही माझी शेवटची इयत्ता. एप्रिलात परीक्षा झाली की मी हायस्कूलला जानार. मग ह्या फळ्यावर माझं नाव सफाईलाच ऱ्हानार. कायमचं.”

मी गुरुजींकडे गेले. ते खांद्याला बाम लावत होते. माणूस वाईट नाही, मुलांसाठी राबणारा आहे. “मॅडम, माझी ना नाही,” ते म्हणाले. “पण माठाला तिनं हात लावला आन् लोकांनी पोरं घरी ठेवली, तर पट कमी व्हतो. पट कमी झाला तर शाळा बंद व्हती. मग ती तरी कुठं शिकंल?”

“शनिवारी मी परत येते,” मी सांगितलं. शनिवार कार्यक्रमात नव्हता. मी तो यादीत घातला.

दौंड, बुधवार

दौंड रेल्वेचं गाव आहे. इथे आडनावाआधी “कुठल्या डिपार्टमेंटला?” असं विचारतात, आणि इंजिनं सांभाळणाऱ्या लोकोवाल्यांचं आणि गाड्या सोडणाऱ्या ट्रॅफिकवाल्यांचं एकमेकांबद्दल काय मत आहे ते ऐकलं, की माणूस कुठेही गेला तरी खालचा-वरचा शोधून काढतोच याची खात्री पटते. ज्या शाळेत गेलो तिथली मुलं देशभरातली, वर्गात पाच भाषा. विजेचा दाब वरखाली झाला आणि स्लाइडच्या यंत्रातून धूर निघाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. यंत्र तिथून पुढे हजेरीपटावरून कमी केलं.

यंत्र नसल्याने जोसेफलाच बोलावं लागलं, आणि ते यंत्रापेक्षा चांगलं झालं. एका मुलीने विचारलं, “तुमच्याकडे जात असते का?”

“जमाती असतात,” तो म्हणाला. “आमच्याकडे आडनाव ‘ओ’ने सुरू झालं, की हा माणूस कुठला, काय खातो, मत कुणाला देतो, सगळं समोरच्याने ठरवलेलं असतं. माझी आई मला सांगायची, ‘ओ’वाल्यांच्या मुलांशी खेळू नको.”

“मग तुम्ही खेळलात?”

“माझा फुटबॉल ‘ओ’वाल्याकडे होता.”

कासुर्डीजवळ, गुरुवार

कार्यक्रम यवतजवळच्या एका शाळेत होता, पण कासुर्डीच्या अलीकडे टायर पंक्चर झालं आणि स्टेपनी आधीच पंक्चर निघाली; कार्यक्रम शुक्रवारवर गेला. निघण्यापूर्वीच्या माझ्या यादीत ‘स्टेपनी तपासणे’पुढे बरोबरची खूण होती. बबनने तपासली होती. “स्टेपनी हाय का, एवढंच तपासलं हुतं, मॅडम.”

बबन टायर घेऊन हायवेला गेला आणि मी व जोसेफ रस्त्याकडेच्या गुऱ्हाळावर बसलो. कढईतला रस उकळत होता, गुळाचा वास कपड्यांत शिरत होता. मालकाने उसाच्या कांडीवर गरम काकवी दिली. तिथे मी शनिवारची योजना लिहून काढली. कोल्हापूरकडच्या गुळाबद्दल मी जन्मभर जे बोलत आले त्यातलं निम्मं त्या काकवीने मागे घ्यायला लावलं, हेही त्याच पानावर लिहिलेलं आहे.

योजना अशी: खारे शेंगदाणे दोन किलो, सकाळी वाटायचे. मग कडक उन्हात खो-खो, तासभर. हापसा जड, लहान मुलांना ओढवत नाही, आणि जवळपास दुसरं पाणी नाही. मुलं तहानलेली येतील, वैशालीने भरलेल्या माठातलं न बघता पितील, आणि एकदा प्यायली की प्रश्न मिटला.

जोसेफने ती वाचली. “ही योजना आहे की शिक्षा?”

“व्यवहार आहे,” मी म्हटलं.

परत वाडीत, शनिवार

सकाळची शाळा. मी वैशालीला बाजूला घेऊन योजना दाखवली. तिने पूर्ण वाचली, ओठ हलवत. मग कागद घडी करून परत दिला.

“बाई, कागद चांगला हाय. पन तहानेनं जीव चाललेला मानूस डबक्यातलं पन पितो. त्यात माझं काय?”

शेंगदाणे बबन आणि जोसेफने संपवले.

खातेबदल सुरू झाला. गुरुजींनी पाणीखात्यासाठी कोण उभं राहणार असं विचारलं. वैशाली उभी राहिली. विक्रम, म्हणजे आबांचा नातू, सध्याचा पाणीमंत्री, हात वर करून म्हणाला, “गुरुजी, मी सोडतो. हापसा लई जड हाय.” गुरुजींचा चेहरा पडला. मग भावकीतल्याच दुसऱ्या एका मुलाला, दत्ताला, त्यांनी उभं केलं. प्रत्येकाने दोन वाक्यं बोलायची होती. दत्ता म्हणाला, “मला मत द्या.” आणि दुसरं वाक्य सुचेना म्हणून तेच परत म्हणाला.

वैशाली म्हणाली, “माठ आतनं कुनी बघितलाय का? मला बाहेरनं पुसायची परवानगी, आतनं न्हाई. तरी मी बघितलाय. आत एवढं शेवाळ हाय, की बेडूक सोडला तर त्यो परत यायचा न्हाई.”

वर्गात एकच गलका. दोन पोरींनी तोंडावर हात दाबला. मतदान ज्वारीच्या दाण्यांनी झालं, दोन डब्यांत, डब्यांवर चिठ्ठ्या. मोजणीला मी आणि जोसेफ. वैशाली एकोणतीस, दत्ता अकरा, आणि एक दाणा कुणीतरी खाल्ला.

तिने हापशाखाली माठ घेतला. राख आणि नारळाची शेंडी घेऊन अर्धा तास घासला. जे बाहेर आलं त्याचं वर्णन मंडळाच्या वार्षिकात नको. मग भरून व्हरांड्यात ठेवला, वर झाकण, झाकणावर ओगराळं. आणि स्वतः बाजूला उभी राहिली, हात पाठीमागे बांधून.

पहिला विक्रम आला. त्याला आता हापसा ओढावा लागत नव्हता म्हणून तो खूश होता. दोन पेले प्यायला. मग सुटीत येतील तशी मुलं आली. मी मोजत होते. मोजल्याशिवाय मला राहवत नाही. सुटी संपेपर्यंत तेहेतीस जण प्यायले. आठ जण नाही प्यायले. त्यातले तिघं घरी पळत जाऊन पिऊन आले. “थंडीचे दिवस हायत,” गुरुजी मला म्हणाले, “तहान लागत न्हाई फारशी.” ते स्वतः माठाकडे पाठ करून उभे होते. “मला जरा सर्दी हाय.”

आबा आले ते बिसलेरीची बाटली घेऊन. “डॉक्टरनं उकळलेलंच सांगितलंय,” न विचारता त्यांनी सांगितलं. पोरीची त्यांनी तारीफ केली, माठ चांगला घासला म्हणाले, आणि बाटलीतून प्यायले.

आता फळा. गुरुजी म्हणाले, ऑइलपेंटवाला वर्षातून एकदा जूनमध्ये येतो, तोवर खडूने लिहू. त्यांनी विक्रमच्या नावावर कागद चिकटवला आणि त्या कागदाशेजारी खडूने लिहिलं: पाणीमंत्री: वैशाली. हात थांबला. “असंच ऱ्हाऊ द्या का, मॅडम? नुसतं नाव. येनाऱ्याजानाऱ्याच्या डोळ्यात येत न्हाई. कुनाची वैशाली, कुनाला काय कळतंय.”

मला ते एकदम पटलं. म्हणजे मी पाच दिवस हेच तर सांगत फिरत होते. “उत्तम!” मी म्हटलं. “नाहीतरी आडनावं हवीत कशाला? सगळ्यांचीच काढून टाकू. मी स्वतः तीस वर्षं...”

“बाई,” वैशाली म्हणाली. मोठ्याने नाही. “सफाईला तीन वर्षं साळवे चाललं. पाण्याला आलं तवाच आडनाव काढायचं व्हय?”

हापशाचा दांडा कुणीतरी अर्धवट सोडला होता, तो खाली आला. जोसेफ माझ्याकडे बघत नव्हता, ही त्याची सभ्यता. मी जे वाक्य ठसक्यात म्हणते ते माझ्या बापाच्या आडनावाने मला कधी कुठल्या पायरीवर थांबवलं नाही म्हणून म्हणता येतं, हे मला एकावन्नाव्या वर्षी एका बारा वर्षांच्या मुलीने व्हरांड्यात उभं करून सांगितलं. तिने सांगितलंही नाही. नुसतं विचारलं.

गुरुजींनी खडू तिच्याकडे दिला. तिने स्वतः लिहिलं: कु. वैशाली रमेश साळवे. ‘साळवे’ जरा मोठंच आलं. मग गुरुजी माठापाशी गेले, ओगराळ्याने पेला भरला आणि सर्दीसकट प्यायले. आबा तोवर निघून गेले होते.

मी तिथेच जाहीर केलं, की नवा फळा मी सांगलीहून ऑइलपेंटने रंगवून पाठवते. पाठवते नाही, आणते. परीक्षेच्या आत. वैशालीने माझ्याकडून ते माझ्या वहीत लिहून घेतलं आणि लिहिलेलं वाचून दाखवायला लावलं.

सांगली, मार्च

पुण्यापर्यंतचा परतीचा प्रवास लिहिण्यासारखा नाही; बबनने स्टेपनीत हवा भरून घेतली होती. जोसेफची परीक्षा तोंडावर आहे. त्याने पत्रात लिहिलं, की आठव्या घरमालकाने खोली दिली. घरमालक क्रिकेटवेडा आहे आणि आता दर रविवारी बॉलिंग टाकावी लागते.

कामांची यादी अशी. आभाराची पत्रं चारही ठिकाणी गेली. जळलेलं यंत्र दुरुस्त होऊन आलं. प्रवर्गाचा रकाना ठेवायचा की काढायचा यावर गटाच्या दोन बैठका झाल्या, तिसरी आहे. काढला तर कोण मागे राहिलं ते आम्हाला कळणार नाही, ठेवला तर कुणीतरी गुरुजी परत रांगा लावतील. तूर्त तो मी स्वतः नंतर भरते, शाळेला पाठवत नाही.

फळ्याला वेळ लागला, कारण निवडणूक आली आणि सांगलीतले सगळे पेंटर भिंतींवर चिन्हं काढण्यात गुंतले. शेवटी गेल्या आठवड्यात तो तयार झाला. पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये, सगळी नावं आडनावांसकट. खाली ‘फळा भेट’ असं लिहून पेंटरने माझं नाव विचारलं. मी तीस वर्षांनी पूर्ण सांगितलं.

गुरुजींचं पत्र आलं: फळा पोचला तर कपाटात जपून ठेवू, परीक्षेची धामधूम आहे, जूनमध्ये पेंटर येईल तेव्हा एकदमच लावू. त्याच पाकिटात वहीच्या पानावर वैशालीचं होतं: “खडूचं नाव रोज कुनीतरी पुसतं. मी रोज सकाळी परत लिहिते. माठ साफ हाय. आता सदतीस जन पितात. परीक्षा आठ एप्रिलला संपते. फळा कवा आनताय?”

फळा माझ्या दाराआड उभा आहे, जुन्या चादरीत गुंडाळून. चार इंची खिळे सहा, हातोडी एक, पिशवीत भरून ठेवलेत. यादीतल्या बाकी सगळ्या कामांपुढे खूण झाली आहे. हे एक राहिलं.